छंद-इलेक्ट्रॉनिक्स प्रकल्पांतील लघु ‘बक कन्व्हर्टर’ बोर्ड : कार्यतत्त्व, निवड आणि सुरक्षित वापर

गोषवारा :
पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत १२ किंवा २४ व्होल्टच्या स्रोतापासून ५ अथवा ३.३ व्होल्ट मिळविण्यासाठी लहान आकाराचे ‘स्टेप-डाऊन’ म्हणजेच ‘बक कन्व्हर्टर’ बोर्ड आज सर्रास वापरले जातात. किमतीने अल्प आणि वापरण्यास सोपे असल्यामुळे हे बोर्ड ‘जोडले की चालते’ या भावनेने हाताळले जातात. प्रकल्पातील न उलगडणाऱ्या बिघाडांचे मूळ पुष्कळदा याच बोर्डात असते. प्रस्तुत लेखात या बोर्डाचे कार्यतत्त्व, रेषीय रेग्युलेटरशी त्याची तुलना, त्याच्या मर्यादा, बाजारातील नकली आयसींचा प्रश्न आणि प्रयोगशाळेत पाळावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : बक कन्व्हर्टर, एलएम २५९६, रेषीय रेग्युलेटर, कार्यक्षमता, रिपल, विद्यार्थी प्रकल्प.

प्रस्तावना :
कोणत्याही इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा विचार करताना आपले लक्ष प्रथम त्याच्या ‘बुद्धी’कडे, म्हणजे मायक्रोकंट्रोलर, सेन्सर आणि प्रोग्राम यांच्याकडे जाते. या सर्वांना अन्न पुरविणारा वीजपुरवठा मात्र दुर्लक्षित राहतो. प्रकल्प अहवालात प्रोग्रामला दहा पाने आणि वीजपुरवठ्याला एक ओळ, हे चित्र परीक्षक म्हणून काम करणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाच्या परिचयाचे आहे. सादरीकरणाच्या आदल्या रात्री प्रकल्प अधूनमधून बंद पडू लागतो, विद्यार्थी प्रोग्राममधील चूक शोधत पहाट करतात आणि दोष असतो तो मोटार सुरू होताच क्षणभर कोसळणाऱ्या व्होल्टेजमध्ये.

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणारा, सुमारे ४३ मिलिमीटर लांब आणि २१ मिलिमीटर रुंद असा निळा बोर्ड आता जवळपास प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पोहोचला आहे. त्यावर एक पाच पायांची आयसी, एक वेटोळे, एक डायोड, दोन कपॅसिटर आणि पितळी स्क्रू असलेला एक प्रीसेट एवढेच घटक असतात. परंतु या मोजक्या घटकांमध्ये चुंबकीय ऊर्जासंचय, ऋण प्रतिपोषण, उष्णतेचे वहन आणि विद्युतचुंबकीय व्यत्यय एवढे भौतिकशास्त्र सामावलेले आहे. या दृष्टीने हा बोर्ड अध्यापनाचे एक उत्तम साधनही ठरू शकतो.

लेखाची उद्दिष्टे :
१) बक कन्व्हर्टरचे कार्यतत्त्व सोप्या गणितासह स्पष्ट करणे.
२) रेषीय रेग्युलेटर आणि बक कन्व्हर्टर यांची ऊर्जेच्या दृष्टीने तुलना करणे.
३) बोर्डावर छापलेल्या अथवा विक्रेत्याने सांगितलेल्या क्षमतेचा वास्तव अर्थ समजून घेणे.
४) विद्यार्थी प्रकल्पांसाठी वापराचे काही व्यवहार्य नियम सुचविणे.

पार्श्वभूमी :
स्थिर व्होल्टेज मिळविण्याचा जुना व विश्वासार्ह मार्ग म्हणजे तीन पायांचा रेषीय रेग्युलेटर. रॉबर्ट विडलर यांनी नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीसाठी आरेखित केलेली एलएम १०९ ही आयसी १९७० च्या सुमारास बाजारात आली आणि तिने संपूर्ण रेग्युलेटर एकाच चिपवर आणून ठेवला. पुढे ७८०५ या क्रमांकाने ओळखला जाणारा ५ व्होल्टचा रेग्युलेटर जगभरच्या प्रयोगशाळांत रूढ झाला आणि आपल्या पाठ्यपुस्तकांतही स्थिरावला.

स्विचिंग पद्धतीचे वीजपुरवठे त्याच दशकात विकसित होत होते. १९७६ मध्ये सिलिकॉन जनरल या कंपनीने बॉब मॅमॅनो यांनी आरेखित केलेली एसजी १५२४ ही नियंत्रक आयसी आणली. १९७७ च्या अ‍ॅपल-२ या संगणकात रॉड हॉल्ट यांनी स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा वापरला, त्यामुळे संगणकाचे वजन आणि उष्णता दोन्ही कमी झाले. कालांतराने नियंत्रक व स्विच दोन्ही एकाच आयसीत आले. नॅशनल सेमीकंडक्टरच्या ‘सिम्पल स्विचर’ मालिकेतील एलएम २५९६ ही आयसी त्यांपैकीच एक होय. २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने नॅशनल सेमीकंडक्टर विकत घेतली आणि ही आयसी तिच्या यादीत दाखल झाली. आपल्या निळ्या बोर्डावर असते ती हीच आयसी, किंवा निदान तिचे नाव.

रेषीय रेग्युलेटरची मर्यादा :
रेषीय रेग्युलेटर हा स्वयंचलित रोधकासारखा वागतो. इनपुट व आउटपुट यांतील व्होल्टेजचा फरक तो स्वतःवर घेतो आणि त्याची उष्णता करतो. १२ व्होल्टच्या बॅटरीपासून ५ व्होल्टवर ०.५ अँपिअर प्रवाह हवा आहे असे समजू. भाराला मिळणारी शक्ती ५ × ०.५ म्हणजे २.५ वॅट, तर रेग्युलेटरमध्ये वाया जाणारी शक्ती ७ × ०.५ म्हणजे ३.५ वॅट. बॅटरीतून घेतलेल्या ६ वॅटपैकी केवळ ४२ टक्के उपयोगी पडतात. हीटसिंक नसलेल्या ७८०५ चे तापमान प्रत्येक वॅटमागे साधारणपणे ५० ते ६५ अंश सेल्सिअसने वाढते. अर्थात ३.५ वॅटला ही वाढ १७५ अंशांच्या पुढे जाऊ पाहते. तेथवर पोहोचण्यापूर्वीच आयसीतील उष्णता-संरक्षण तिला बंद करते, ती थंड झाली की पुन्हा सुरू होते आणि विद्यार्थी म्हणतो, “सर, सर्किट आपोआप रीसेट होते.”

अर्डुइनो ऊनो या लोकप्रिय बोर्डाला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर जोडून त्याच्याच ५ व्होल्ट टोकावरून सर्व्हो मोटारी चालविल्या की हेच घडते, कारण त्याच्या आर३ पर्यंतच्या आवृत्त्यांवरील रेग्युलेटरही रेषीयच असतो.

बक कन्व्हर्टरचे कार्यतत्त्व :
बक कन्व्हर्टर जास्तीचे व्होल्टेज जाळून टाकत नाही. तो इनपुटची ऊर्जा तुकड्या-तुकड्यांनी घेतो आणि पुढे सरासरी पोहोचवितो. आयसीतील ट्रान्झिस्टर हा सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करणारा स्विच असतो. स्विच बंद म्हणजे वाहक असताना इनपुटमधून वेटोळ्यात प्रवाह वाढत जातो आणि वेटोळ्याच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच उघडताच वेटोळे आपला प्रवाह अचानक थांबू देत नाही. त्याच्या टोकांवरील व्होल्टेजची दिशा उलटते, डायोड वाहक होतो आणि साठलेली ऊर्जा त्या मार्गाने भाराकडे वाहत राहते. आउटपुटचा कपॅसिटर उरलेले चढउतार शोषून घेतो.

विहिरीवर बादलीने पाणी काढून टाकी भरावी आणि टाकीच्या तळाच्या तोटीतून अखंड धार मिळावी, असे याचे वर्णन करता येईल. पाणी तुटक येते, धार सलग राहते. मात्र या उपमेत वेटोळ्याचा खरा गुण, म्हणजे प्रवाहाचे सातत्य टिकविण्याची त्याची ओढ, पूर्णपणे उतरत नाही, हे विद्यार्थ्यांना सांगणे आवश्यक आहे.

स्थिर अवस्थेत वेटोळ्यावरील सरासरी व्होल्टेज शून्य असावे लागते, अन्यथा प्रवाह अमर्याद वाढला असता. या एका अटीवरून आदर्श बक कन्व्हर्टरचे सूत्र मिळते : आउटपुट व्होल्टेज हे इनपुट व्होल्टेज आणि स्विचच्या वाहक काळाचे प्रमाण यांच्या गुणाकाराइतके असते. १२ व्होल्टपासून ५ व्होल्ट हवे असतील तर स्विच प्रत्येक आवर्तनात ५ ÷ १२, म्हणजे सुमारे ४२ टक्के काळ वाहक राहतो. प्रत्यक्षात ट्रान्झिस्टर आणि डायोड यांवरील व्होल्टेज-घटीमुळे हे प्रमाण थोडे अधिक असते.

हे प्रमाण ठरविते प्रतिपोषण. आउटपुट व्होल्टेजचा एक अंश दोन रोधकांच्या विभाजकाद्वारे आयसीच्या फीडबॅक पायाकडे जातो. तेथे तो १.२३ व्होल्टच्या अंतर्गत संदर्भाशी ताडला जातो. म्हणून,

आउटपुट व्होल्टेज = १.२३ × (१ + वरचा रोधक ÷ खालचा रोधक)

बोर्डावर खालचा रोधक सामान्यतः ३३० ओहमचा आणि वरचा म्हणजे १० किलोओहमचा, सुमारे २५ फेऱ्यांचा प्रीसेट असतो. एका फेरीत रोध ४०० ओहमने बदलतो, म्हणजेच व्होल्टेज सुमारे १.५ व्होल्टने बदलते. या साध्या गणितातून विद्यार्थ्यांना नेहमी पडणारे कोडे उलगडते. नवा बोर्ड १२ व्होल्टला जोडून स्क्रू फिरवला तरी आउटपुट हलत नाही आणि बोर्ड खराब आहे असा निष्कर्ष काढला जातो. वास्तविक प्रीसेट मधल्या स्थितीत, म्हणजे ५ किलोओहमवर असेल, तर बोर्ड सुमारे २० व्होल्ट देऊ पाहत असतो. इनपुटच १२ व्होल्टचे असल्याने आउटपुट त्याच्या जवळपास खिळून राहते. बहुतेक बोर्डांवर स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने सहा-सात फेऱ्या फिरविल्यानंतरच व्होल्टेज उतरू लागते.

ऊर्जेचा ताळेबंद :
एलएम २५९६ च्या माहितीपत्रकानुसार १२ व्होल्ट इनपुट, ५ व्होल्ट आउटपुट आणि ३ अँपिअर भार असताना नमुनादाखल कार्यक्षमता ८० टक्के असते. वरच्या उदाहरणातील २.५ वॅट भारासाठी हीच कार्यक्षमता धरली, तर बॅटरीतून ३.१ वॅट घेतले जातील आणि उष्णता होईल केवळ ०.६ वॅटची. बॅटरीतून येणारा प्रवाह ०.५ ऐवजी ०.२६ अँपिअर असेल. आउटपुटपेक्षा इनपुटचा प्रवाह कमी, ही गोष्ट विद्यार्थ्यांना प्रथम अशक्य वाटते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रत्यक्ष पाहण्याची ती उत्तम संधी आहे.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीवर हा भार रेषीय रेग्युलेटरने कागदोपत्री १४ तास चालेल, तर बक कन्व्हर्टरने जवळपास २७ तास. बॅटरीची प्रत्यक्ष क्षमता तापमान व वयानुसार कमी होते, परंतु दोहोंतील गुणोत्तर टिकून राहते.

तथापि बक कन्व्हर्टर सर्वत्र श्रेष्ठ असतो, हा समजही दुरुस्त करावा लागतो. एलएम २५९६ स्वतःच्या कामासाठी नमुनादाखल ५ मिलिअँपिअर प्रवाह घेते. मातीतील ओलावा तासातून एकदा मोजून उरलेला वेळ झोपणाऱ्या यंत्रणेत हाच प्रवाह मुख्य खर्च ठरतो. ५ मिलिअँपिअरने ७ अँपिअर-तासांची बॅटरी १,४०० तासांत, म्हणजे ५८ दिवसांत, काहीही काम न करता रिकामी होईल. अशा वेळी एमपी १५८४ सारखी, सुमारे ०.१ मिलिअँपिअर विश्रांती-प्रवाह घेणारी आयसी योग्य ठरते. तसेच ३.७ व्होल्टच्या लिथियम घटापासून ३.३ व्होल्ट हवे असतील तर कमी घटीचा रेषीय रेग्युलेटरच सुमारे ८९ टक्के कार्यक्षम असतो. तेथे ४.५ व्होल्टपेक्षा कमी इनपुटवर न चालणारा बक बोर्ड निरुपयोगी आहे.

क्षमतेचे आकडे व त्यांचे वास्तव :
विक्रेता ‘३ अँपिअर’ सांगतो तेव्हा तो आयसीच्या माहितीपत्रकातील कमाल आकडा सांगत असतो. १२ पासून ५ व्होल्ट, ३ अँपिअर घेतल्यास भाराला १५ वॅट मिळतील आणि ८० टक्के कार्यक्षमतेने सुमारे ३.७५ वॅट उष्णता या काडेपेटीएवढ्या बोर्डावर निर्माण होईल. तांब्याचे एवढे लहान क्षेत्र ही उष्णता हवेत टाकू शकत नाही. म्हणून हीटसिंकविना सलग वापरासाठी १.५ ते २ अँपिअर हीच मर्यादा धरणे शहाणपणाचे होय, आणि बंद पेटीत त्याहूनही कमी.

इनपुटच्या ४० व्होल्ट मर्यादेबाबतही असेच आहे. २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे दिष्टीकरण केल्यावर कपॅसिटरवर शिखरमूल्य येते, ते सुमारे ३२.५ व्होल्ट असते. भार नसताना आणि घरगुती वीज २३० व्होल्टपेक्षा वाढली असताना ते आणखी चढते. बोर्डावरील इनपुट कपॅसिटर ३५ व्होल्टचा असेल तर तो धोक्यात येतो. ‘१२ व्होल्टचे’ म्हणून मिळणारे सौर पॅनेल भार नसताना सुमारे २१ ते २२ व्होल्ट देते. अशी दोन पॅनेल एकसर जोडल्यास मर्यादा ओलांडली जाते.

खालच्या टोकालाही मर्यादा आहे. या आयसीतील स्विचवर ३ अँपिअरला १.२ व्होल्टच्या आसपास घट होते. त्यामुळे ६ व्होल्टच्या बॅटरीपासून जड भाराला स्थिर ५ व्होल्ट मिळण्याची अपेक्षा ठेवू नये.

नकली आयसींचा प्रश्न :
स्वस्त बोर्डांवर एलएम २५९६ असे छापलेली आयसी नेहमी अस्सल असतेच असे नाही. अधिकृत वितरकाकडे एकट्या अस्सल आयसीची किंमत पुष्कळदा संपूर्ण बोर्डापेक्षा अधिक असते, यावरून काय ते समजावे. अस्सल आयसीची स्विचिंग वारंवारता १५० किलोहर्ट्झ असते. बाजारातील अनेक बोर्डांवर मात्र ती ५० किलोहर्ट्झच्या आसपास मोजली गेली आहे.

वारंवारता एकतृतीयांश झाल्याने काय बिघडते, हे गणिताने पाहता येते. वेटोळ्यातील प्रवाहाचा चढउतार हा वेटोळ्यावरील व्होल्टेज व वाहक काळ यांच्या गुणाकाराला वेटोळ्याच्या प्रवर्तकत्वाने भागून मिळतो. १२ पासून ५ व्होल्ट आणि ३३ मायक्रोहेन्रीचे वेटोळे असता १५० किलोहर्ट्झला हा चढउतार सुमारे ०.५९ अँपिअर येतो. ५० किलोहर्ट्झला तो १.७७ अँपिअर होतो. सरासरी प्रवाह २ अँपिअर असल्यास शिखर जवळपास २.९ अँपिअरवर जाते, वेटोळ्याचा गाभा संपृक्ततेकडे झुकतो, कपॅसिटर तापतो आणि आउटपुटवरील रिपल तिपटीने किंवा अधिक वाढते. बोर्ड ‘चालतो’, परंतु ज्या गृहीतावर त्याचे घटक निवडले गेले ते गृहीतच राहत नाही. दोलनदर्शकावर आयसीच्या आउटपुट पायाची वारंवारता पाहणे ही दोन मिनिटांची चाचणी आहे. मात्र ती पुरेसा भार जोडून करावी, अन्यथा आकडा फसवा येऊ शकतो. प्रत्येक नव्या खरेदीतील किमान एका बोर्डावर ती अवश्य करावी.

बिघाडाचे प्रकार व त्यांची कारणे :
या बोर्डाचे बिघाड कोणत्या दिशेने होतात, हे अधिक महत्त्वाचे आहे.

पहिला, प्रीसेटचा. बोर्डावर बदलता रोधक विभाजकाच्या वरच्या बाजूस असतो. धूळ किंवा कंपनामुळे त्याचा सरकता संपर्क सुटला तर फीडबॅक पायावर शून्य व्होल्ट येतात. आयसीला वाटते की आउटपुट नाहीसे झाले, म्हणून ती स्विच शक्य तितका वाहक ठेवते आणि ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरवर जवळजवळ पूर्ण इनपुट जाऊन आदळते. हाच बदलता रोधक खालच्या बाजूस असता, तर संपर्क सुटल्यावर आउटपुट १.२३ व्होल्टपर्यंत खाली आले असते आणि सर्किट केवळ बंद पडले असते. ‘बिघडलेच तर सुरक्षित बाजूने बिघडावे’ हे आरेखनशास्त्राचे तत्त्व शिकविण्यास याहून बोलके उदाहरण मिळणे कठीण. उपायही सोपा आहे. ५ व्होल्ट निश्चित असतील तर प्रीसेट काढून तेथे १ किलोओहमचा एक टक्का अचूकतेचा स्थिर रोधक जोडावा. सूत्रानुसार आउटपुट ४.९६ व्होल्ट येते.

दुसरा, स्विच-ट्रान्झिस्टर शॉर्ट होण्याचा. याचाही परिणाम तोच. म्हणून मौल्यवान भारापूर्वी इनपुटला फ्यूज आणि आउटपुटला ५ व्होल्टसाठी योग्य असा संरक्षक टीव्हीएस डायोड लावावा.

तिसरा, उलट जोडणीचा. सामान्य बोर्डावर उलट ध्रुवतेपासून संरक्षण नसते. इनपुटमध्ये एक शॉट्की डायोड जोडला की ०.४ व्होल्टच्या आसपासच्या घटीच्या मोबदल्यात बोर्ड वाचतो. आउटपुटला बॅटरी जोडलेली असून इनपुट काढून घेतले, तर प्रवाह आयसीतून उलट वाहू शकतो. तेथेही डायोड हवाच.

चौथा, चालू पुरवठ्याला बोर्ड झटकन जोडण्याचा. एमपी १५८४ च्या अंगठ्याच्या नखाएवढ्या बोर्डावर सिरॅमिक कपॅसिटर असतात. लांब तारांचे प्रवर्तकत्व आणि अत्यल्प रोधाचे हे कपॅसिटर मिळून क्षणभर दोलन निर्माण होते व शिखर इनपुटच्या दुपटीजवळ जाऊ शकते. या आयसीची मर्यादा २८ व्होल्टची असल्याने २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर ती एका जोडणीतच निकामी होऊ शकते. इनपुटला ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर समांतर जोडला की हे दोलन शमते.

शेवटी, सर्वांत गंभीर बाब. या बोर्डात इनपुट व आउटपुट यांची ऋण टोके एकच असतात, विद्युतविलगीकरण नसते. घरगुती २३० व्होल्टशी तो कोणत्याही मार्गाने थेट जोडू नये. त्यापूर्वी विलगीकरण असलेला प्रमाणित अ‍ॅडॅप्टर किंवा ट्रान्सफॉर्मर असलाच पाहिजे. या नियमाला प्रयोगशाळेत अपवाद नाही.

व्यत्यय आणि तुटपुंज्या तारा :
स्विचिंगमुळे निर्माण होणारा गोंगाट कानांनी ऐकता येतो. खिशातील रेडिओ मध्यम लहरींवर, म्हणजे ५३१ ते १,६०२ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, लावून भारित बोर्डाजवळ नेला की १५० किलोहर्ट्झच्या ६००, ७५०, ९०० अशा पटींच्या आसपास तो गुणगुणू लागतो. हाच गोंगाट सेन्सरच्या सूक्ष्म मापनात शिरतो आणि आकडे थरथरतात. बोर्ड सेन्सरपासून दूर ठेवणे, तारा आखूड व पीळ देऊन नेणे आणि नाजूक भागासाठी बक बोर्डानंतर एक लहान रेषीय रेग्युलेटर लावणे, हे उपाय परिणामकारक आहेत. येथे दोन्ही तंत्रे परस्परपूरक ठरतात.

तारांचा प्रश्न याहून साधा व म्हणूनच अधिक दुर्लक्षित. एसआयएम ८००एल या जीएसएम मॉड्यूलला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि संदेश पाठविताना ते क्षणिक २ अँपिअरपर्यंत प्रवाह खेचते. बोर्ड ४ व्होल्टवर अचूक लावला, पण ब्रेडबोर्ड आणि बारीक तारा यांचा रोध ०.२ ओहम असला, तर मॉड्यूलपाशी ३.६ व्होल्टच उरतात. रोध ०.४ ओहम झाला की ३.२ व्होल्ट उरतात आणि मॉड्यूल पुन्हा सुरू होते. मल्टिमीटर सरासरी दाखवीत असल्याने सर्व काही ठीक वाटते. जाड आखूड तारा आणि मॉड्यूललगत १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एवढ्याने अनेक ‘प्रोग्राममधील चुका’ नाहीशा होतात.

एक सुचविलेला प्रयोग :
साहित्य : १२ व्होल्टचा पुरवठा, बक बोर्ड, हीटसिंकसह ७८०५, १० ओहम ५ वॅटचा वायरवाउंड रोधक, दोन मल्टिमीटर.
कृती : भार न जोडता बोर्डाचे आउटपुट ५ व्होल्टवर लावावे. नंतर रोधक जोडावा. इनपुटचा प्रवाह आणि बोर्डाच्या टोकांवरील दोन्ही व्होल्टेज नोंदवावीत. आउटपुटचा प्रवाह व्होल्टेजला रोधाने भागून काढावा, म्हणजे मल्टिमीटरच्या स्वतःच्या घटीने मापन बिघडत नाही. हीच मापने ७८०५ घेऊन पुन्हा करावीत व दोन्हींची कार्यक्षमता काढावी. इनपुट ९ ते १५ व्होल्ट बदलत नेल्यास ७८०५ चा इनपुट प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो आणि बक बोर्डाचा कमी होत जातो. या दोन आलेखांतच संपूर्ण विषय सामावलेला आहे. रोधक तापत असल्याने त्याला हात लावू नये.

निष्कर्ष :
१) इनपुट व आउटपुट यांतील फरक मोठा आणि प्रवाह शेकडो मिलिअँपिअरचा असेल तेथे बक बोर्ड निर्विवाद लाभदायक आहे. फरक अल्प असेल किंवा गोंगाट नको असेल तेथे रेषीय रेग्युलेटर उचित ठरतो.
२) दीर्घकाळ बॅटरीवर चालणाऱ्या प्रकल्पात कार्यक्षमतेइतकाच विश्रांती-प्रवाह निर्णायक असतो.
३) ३ अँपिअर व ४० व्होल्ट हे आकडे मर्यादा आहेत, रोजच्या वापराची मूल्ये नव्हेत.
४) आउटपुट आधी लावावे, मोजावे आणि मगच भार जोडावा. कायम वापरासाठी प्रीसेटऐवजी स्थिर रोधक वापरावा.
५) फ्यूज, डायोड आणि विलगीकरण हे ऐच्छिक घटक समजू नयेत.

समारोप :
तयार बोर्ड वापरण्यात गैर काही नाही. प्रत्येक पिढी मागील पिढीच्या तयार घटकांवरच उभी राहते. मात्र घटक तयार मिळाला म्हणून त्याचे ज्ञान तयार मिळत नाही. विद्यार्थी प्रकल्पाच्या अहवालात ‘वीजपुरवठा’ या शीर्षकाखाली एक स्वतंत्र पान असावे आणि त्यात इनपुटची किमान व कमाल मर्यादा, भाराचा सरासरी व शिखर प्रवाह, अपेक्षित उष्णता आणि बिघाड झाल्यास भारावर येणारे व्होल्टेज या चार गोष्टी विद्यार्थ्याने स्वतः मोजून अथवा गणिताने लिहाव्यात, असे सुचवावेसे वाटते. अंतर्गत मूल्यमापनात या पानाला थोडे गुण राखून ठेवणे कोणत्याही विभागाला शक्य आहे. तोंडी परीक्षेत निळ्या बोर्डाकडे बोट दाखवून “हा बिघडला तर पुढे काय होईल?” एवढा एक प्रश्न विचारला, तरी ते पान विद्यार्थ्याने स्वतः लिहिले आहे की नाही हे लगेच कळते.